सील वेगळे मिळत नाही

२ एप्रिल

माझ्या तहानलेल्या, हेलपाट्यांनी टाचा झिजलेल्या आणि हक्काच्या जिल्ह्यापासून आजवर वंचित राहिलेल्या उदगीरकर बंधू-भगिनींनो! एका सहीसाठी, एका उताऱ्यासाठी आपण आणखी किती पिढ्या लातूरला खेटे घालायचे?

सवयीनं लिहिलं गेलं. वही उघडली की समोर सभा बसल्यासारखी वाटते. ही रोजनिशी आहे, माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी खोडत नाही. वाक्य चांगलं आहे.

रोजनिशीचं कारण: उदगीर जिल्हा झाला की लढ्याचा इतिहास लिहिला जाईल. तेव्हा कृती समितीच्या अध्यक्षांच्या हातच्या नोंदी असलेल्या बऱ्या. ईश्वरप्पाच्या तोंडून इतिहास गेला तर त्यात फक्त ईश्वरप्पाच राहील. (ईश्वरप्पा: समितीचे उपाध्यक्ष. पाण्याच्या टँकरचा धंदा. दुष्काळ पडला की माणूस उजळतो.)

संकल्प: १ मेला उदगीर ते लातूर मोटारसायकल रॅली. पाचशे गाड्या. सर्वांत पुढे माझी.

शिवकांताचं म्हणणं, सर्वांत पुढची गाडी दोन दिवस झाले झटके खाते, आधी ती बघा. शिवकांता माझी पत्नी, माळगुंडीच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका. रोज सकाळी मी तिला गाडीवर सोडतो, संध्याकाळी आणतो. सध्या तिकडे गढूळ पाण्यामुळे जुलाबाचे पेशंट वाढलेत. शिवाय कमलम्माची सून दिवसांत आहे. तिचं पहिलं बाळंतपण उदगीरला येताना जीपमध्येच झालं होतं, आणि बाळ हाती लागलं नव्हतं. कमलम्मानं शिवकांताचा हात धरून सांगितलंय, "सिस्टर, ह्या टायमाला तुमी गावात पायजे." शिवकांतानं शब्द दिलाय. तारीख महिनाअखेरची.

मी तिला समजावलं की जिल्हा झाला की हे सगळे प्रश्न आपोआप सुटतील. ती म्हणाली, "बाळ तेवढं थांबंल का विचारून सांगते."

४ एप्रिल

गाडी झटके खाते म्हणजे फ्युएल पंपात कचरा. तय्यबभाईकडे दिली की तो दोन दिवस ठेवून घेतो. म्हणून स्वावलंबन. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. अर्धा. पुढचं तर्कानं कळलं.

टाकी उतरवली, पंप काढला, साफ केला. सगळं उत्तम. पंप पुन्हा बसवताना त्याच्याभोवतीचं रबरी सील खाचेत जाईना. एकीकडून दाबलं की दुसरीकडून वर येतं. काढताना बसणारी वस्तू घालताना मोठी कशी होते? यात कंपनीचा काहीतरी डाव आहे.

आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "तुझं बी असंच व्हायचं. सोडलं की झबल्यात माघारी मावायचा न्हाईस."

आईला इंजिनियरिंगमधलं काही कळत नाही.

५ एप्रिल

तय्यबभाई घरी येऊन गेला. सील दोन बोटांत धरून उन्हाकडे केलं आणि म्हणाला, "अप्पा, तुम कायकू खोले? मैं मर गया था क्या?" मग म्हणाला, "पेट्रोल पिया, फूल गया. ज्यादा पिया तो आदमी भी फूलता." नवीन आणा म्हणाला. कुठं मिळेल विचारलं तर म्हणाला, "अलग नै मिलता. पूरा पंप लेना पडता."

मी त्याला सांगितलं, मिळत नाही हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही. तो म्हणाला, "मेरे दुकान में है, अप्पा. रोज बोलना पडता."

शिवकांता काळी-पिवळीनं गेली. ती जीप भरल्याशिवाय हलत नाही. पोचायला उशीर झाला आणि नेमके आजच डॉक्टरसाहेब तपासणीला आले होते. म्हणाले, "सिस्टर, मुख्यालयी राहत नाही ते चालवून घेतलं, निदान वेळेवर तरी या." जेवताना तिनं हे सांगितलं. मी म्हणालो, बघ, सगळ्या प्रश्नांचं मूळ मुख्यालय! मग यावर मी थोडा वेळ बोललो. शेवटी पाहिलं तर ताटं घासून झाली होती.

८ एप्रिल, लातूर

शोरूमला गेलो. काउंटरवरचा माणूस नम्र होता. नम्र माणसांशी भांडणं अवघड जातं. म्हणाला, "सर, सील वेगळं येत नाही. असेंब्लीतच येतं. पूर्ण पंप घ्यावा लागेल." किंमत सांगितली. मी खाली बसलो. सुदैवानं तिथे खुर्ची होती.

आणि त्याच क्षणी वीज चमकली! सील वेगळं मिळत नाही. उदगीर वेगळं मिळत नाही. लातूरच्या असेंब्लीतच घ्या! एवढीशी रबरी कडी, तिच्यासाठी आख्खा पंप गळ्यात. एवढासा दाखला, त्याच्यासाठी आख्खं लातूर गळ्यात. हाच तो अन्याय! शतकानुशतकं चालत आलेला! मी उभा राहून हे तिथल्या तिथे मांडलं. जोरदार टाळ्या पडल्या. मागे कोणाच्या तरी नव्या गाडीची आरती चालली होती, पण वेळ जुळली हे महत्त्वाचं.

पंप घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय पैसेही नव्हते.

बस उशिरा मिळाली. शिवकांता आज माळगुंडीहून फाट्यापर्यंत चालत आली. उन्हानं चेहरा उतरला होता. तिला मी असेंब्लीचा सिद्धांत सांगितला. तिनं पाणी प्यायलं.

१० एप्रिल, देगलूर

कोणी म्हणालं, देगलूरला हैदराबादचा माल उतरतो, तिथे सगळं सुटं मिळतं. गेलो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ. मला पाच भाषा येतात, त्यामुळे सीमाभागात अडचण नसते. हिंदीत विचारलं, फ्युएल पंप का सील है क्या? ते म्हणाले, "लेदु."

मी म्हणालो, "हां, दे दो." साहजिक आहे. "ले दूँ?" म्हणजे आणून देऊ का.

ते पुन्हा म्हणाले, "लेदु." मी म्हणालो, "दे दो ना चाचा, इसीलिए तो आया हूँ." ते थोडं बघत राहिले, मग स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. दोन चहा झाले. मधे मी त्यांना भाषावार प्रांतरचनेवर चार शब्द सांगितले, ते मान हलवत होते. जेवायच्या वेळेला त्यांनी शटर खाली ओढायला घेतलं तेव्हा शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं की तेलुगूत "लेदु" म्हणजे "नाही".

इतक्या सौजन्यानं नाही म्हणणारी भाषा मी पाहिली नाही. मंत्रालयानं शिकून घ्यावी. अर्थात माझ्या पाच भाषा खऱ्याच आहेत, तेलुगू सहावी.

१३ एप्रिल

पंढरी नांदेडला मेहुण्याच्या लग्नाला गेलाय. पंढरी समितीचा सरचिटणीस. निष्ठावान. सांगितलेलं शब्दशः करतो, हाच त्याचा मोठा गुण. त्याला कालच निरोप दिला होता की नांदेडात रबरी सील मापानं बनवून देतात का बघ.

सकाळी त्याचा फोन. बनवून देणारा सापडला. साईज विचारली. मी म्हणालो, गोल, बशीएवढं. पंढरी म्हणाला, "एवढं मोठं? लोक हासतील, अप्पा." मी म्हणालो, हसू दे, काम पक्कं झालं पाहिजे. "नाव काय टाकू?" समितीचं टाक म्हणालो. बिल समितीच्या नावावर असलेलं बरं, गाडी समितीच्याच कामाची आहे. "आन् मधी काय?" मधे काही नको, मधे पंप येतो, असं बजावून सांगितलं. "बरं, मधी पंप," तो म्हणाला.

सूचना नेमक्या असल्या की कामं नेमकी होतात.

१५ एप्रिल

पंढरी आला. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

रबरी शिक्का. लाकडी मुठीचा, बशीएवढा. कडेनं गोल अक्षरांत "नियोजित उदगीर जिल्हा कृती समिती" आणि मधोमध पंप. म्हणजे हापसा. दांडा वर उचललेला, तोटीतून तीन थेंब पडताहेत. पंढरी म्हणाला, "थेंब त्यानं सोताच्या मनानं टाकले. त्याचं काय घेतलं न्हाई."

मी शिक्का उलटा करून पंपाच्या खाचेशी धरून पाहिला. पंढरी घाबरला. म्हणाला, "परत करून येऊ का, अप्पा?"

पण नेतृत्व म्हणजे काय? चुकलेल्या वाटेलाच मोर्चा म्हणणं. मी विचार केला: दुष्काळ आहे, हापसा आहे, थेंब आहेत, जिल्हा आहे. यापेक्षा चांगलं बोधचिन्ह पैसे देऊन मिळालं नसतं! पंढरीला शाबासकी दिली. रात्रीपर्यंत पाचशे पत्रकांवर शिक्के मारून झाले. अंगठा निळा झालाय. इतिहासात याचीही नोंद व्हावी.

शिवकांतानं विचारलं, सील मिळालं का. मी म्हणालो, एका अर्थानं, हो.

१७ एप्रिल

प्रचंड प्रतिसाद! पत्रकं वाटल्यापासून दारात रांग. बायाच जास्त. आई म्हणते त्या अर्ज घेऊन आल्यात, आमच्या गल्लीत हापसा कधी बसवता म्हणून. मी वाचले नाहीत, गठ्ठा करून ठेवला. एकीनं तर हापसा कुठं बसवायचा त्याचा नकाशा काढून दिलाय. जिल्ह्याबद्दल जनतेची एवढी तळमळ असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

ईश्वरप्पा येऊन गेला. रिकामी टाकी आणि सुटा पंप ओसरीवर पाहून म्हणाला, "अध्यक्ष, रॅलीत तुम्ही डबलसीट बसणार का पायी? डबलसीट असलात तर माझ्यामागं जागा हाय." सगळे हसले. पंढरीही हसला. नंतर म्हणाला, खोकला होता.

मी तिथल्या तिथे घोषणा केली: अध्यक्षांची बंद पडलेली मोटारसायकल बैलगाडीवर बांधून मिरवणुकीच्या अग्रभागी! सोबत टाकी, पंप आणि फुगलेलं सील, पुराव्यादाखल! घोषवाक्य: "सील नाही, जिल्हा नाही, आता माघार नाही!"

ईश्वरप्पाचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोटो काढायला हवा होता.

१९ एप्रिल

शिवकांताला पुन्हा उशीर. काळी-पिवळी पंक्चर. उन्हात फाट्यापासून चालत गेली. कमलम्मा तिला घ्यायला अर्ध्या वाटेत छत्री घेऊन उभी होती. म्हणाली, "सिस्टर, तुमच्या मालकाची गाडी सुरू व्हायच्या आत माझ्या सुनेची गाडी सुटंल की वो."

शिवकांता मला हे सांगताना हसली नाही. कमलम्माच्या बोलण्यात ग्रामीण विनोदाचा उत्तम नमुना आहे. भाषणात वापरता येईल.

तिनं विचारलं, पंपच का घेत नाही, माझ्या भिशीतून घेऊ. मी तिला समजावलं की आता हा पंपाचा प्रश्न राहिलेला नाही.

२२ एप्रिल

ही नोंद गुप्त.

पत्रकासाठी जुन्या सीलचा फोटो काढायचा म्हणून ते गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं, आणि विसरलो. आज आठवलं. आणलं तर लहान दिसलं. सहज खाचेत ठेवून पाहिलं.

बसलं.

काढलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा बसलं. उन्हानं सगळं पेट्रोल उडून गेलं असावं. गाडी अर्ध्या तासात उभी राहील.

ओसरीवर बराच वेळ बसून विचार केला. घरात कोणी नव्हतं. पत्रकं वाटून झालीत. बैलगाडी ठरलीय, बैलगाडीवाल्या महादेवप्पानं बैलांची शिंगं रंगवायला घेतलीत. पाचशे लोकांना सांगून झालंय की कंपनी सील देत नाही. आता गाडी सुरू झाली, तर ईश्वरप्पा काय म्हणेल? जगातल्या सगळ्या क्रांत्या मी वाचल्या आहेत. एकाही क्रांतीत मागणी नऊ दिवस आधी आपोआप पूर्ण झालेली नाही. तसं झालं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

प्रश्न केवळ नऊ दिवसांचा आहे. २ मेला गाडी बसवतो. शिवकांतानं इतके दिवस काढले, आणखी नऊ काढेल. तिची सहनशक्ती मोठी आहे, हे मी नेहमीच जाहीरपणे सांगतो.

सील कपाटात ठेवलं. स्वेटरच्या घडीत. एप्रिलमध्ये तिथे कोणी हात घालत नाही.

२५ एप्रिल

शिवकांतानं सकाळी विचारलं, सीलचं काही झालं का. मी म्हणालो, सर्व पातळ्यांवर प्रयत्न चालू आहेत.

तिनं डबा पिशवीत घातला. मग म्हणाली, कमलम्माच्या सुनेच्या पायावर सूज आलीय, कधीही सुरू होईल. "मी तिकडंच राहते. उपकेंद्राची खोली हाय, झाडून घेतली की झालं."

मी तत्त्वतः मान्यता दिली. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं, ही आपल्या लढ्याची तात्त्विक बाजूच आहे. हेही तिला सांगितलं. ती तोपर्यंत गादी गुंडाळत होती.

आईही निघाली. मी म्हणालो, आई, तू कशाला? ती म्हणाली, "तिथला हापसा चालू हाय, बाबा. तुझ्या कागदावरच्या हापशाला नुस्ते थेंब."

दुधाच्या टेम्पोतून दोघी गेल्या. घर शांत झालं. आता भाषणाची तयारी नीट होईल.

२८ एप्रिल

खिचडी केली. लागली. लागलेल्या खिचडीला एक वेगळी चव असते.

भाषण मोठ्यानं म्हणून पाहिलं. घरात आवाज घुमतो. चांगला घुमतो.

३० एप्रिल

बैलगाडी दारात. गाडी दोरांनी बांधली, झेंडूच्या माळा घातल्या. टाकी आणि पंप पुढे पाटावर मांडले. मधोमध दोन बांबूंना माळ, आणि माळेत सील. लांबून फुगलेलं की आकसलेलं, काही कळत नाही. जवळ येऊन मापणारा कोण आहे?

तयारी पाहून पंढरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "अप्पा, आता तर कंपनी बी शरमंल."

१ मे, दुपार

इतिहासासाठी घटनाक्रम जसा घडला तसा.

चौकात गर्दी अफाट. बाया तर शेकड्यांनी, प्रत्येकीच्या हातात रिकामी घागर. कोणाच्या डोक्यातून हे प्रतीक आलं, माहीत नाही, पण मी हेलावलो. नंतर पंढरीनं सांगितलं की आज हापशांचं वाटप आहे असं त्या समजल्या होत्या. असो. पलीकडे ईश्वरप्पानं स्वतःचा टँकर आणून उभा केला होता. पाणी वाटायला नाही, झेंडा लावायला, असं तो म्हणाला.

मी बोलायला उभा राहिलो. सील वेगळं मिळत नाही, इथे पहिली टाळी. उदगीर वेगळं मिळत नाही, इथे दुसरी. पाऊण तास झाला, मी अजून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतच पोचलो होतो. पाठीमागे काय चाललंय मला दिसत नव्हतं.

पाठीमागे तय्यबभाई होता. तो ऐकायला आला होता, पण त्याला ऐकत बसायची सवय नाही. त्यानं माळेतून सील काढलं, बोटांत फिरवलं, पंपावर ठेवलं. मग खिशातून पाना काढून टाकी गाडीवर चढवली, शेजारच्या गाडीतलं बाटलीभर पेट्रोल तिच्यात ओतलं. पुढच्या रांगा माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होत्या, हे मला भाषणाचा परिणाम वाटलं.

मी म्हणालो, "ही गाडी सुरू होईल का?" सभेला विचारलं होतं.

"हौ अप्पा, बैठ गया की वो!" तय्यबभाई ओरडला आणि त्यानं बटण दाबलं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वर त्यानं ॲक्सिलरेटर पिळला. महादेवप्पाचे बैल जन्मात असे दचकले नसतील. रंगवलेली शिंगं खाली घालून ते जे सुटले, ते बैलगाडी, मोटारसायकल, झेंडू आणि तय्यबभाईसकट सरळ ईश्वरप्पाच्या टँकरवर. दांडी टँकरच्या नळात घुसली. पाण्याची धार उडाली. सगळ्या घागरी एकदम पळाल्या.

मी माईकवरून शिस्तीचं आवाहन केलं.

तेवढ्यात पंढरीनं माझ्या हातातून माईक घेतला. हे त्यानं आजवर कधी केलेलं नाही. म्हणाला, माळगुंडीहून फोन आलाय, कमलम्माच्या सुनेला सकाळी मुलगी झाली, नाळ गळ्याभोवती होती, सिस्टर होत्या म्हणून निभावलं, दोघी सुखरूप. अख्ख्या चौकातून टाळ्या. भिजलेल्या बायांनी घागरी वाजवल्या. सभेतली सर्वांत मोठी टाळी हीच.

रॅली लातूरला गेली नाही. गाड्याही घागरी घेऊन घरोघर गेल्या. उरलेलं भाषण मी पूर्ण केलं. श्रोते: पंढरी आणि साउंडवाला. साउंडवाल्याला माईक परत हवा होता.

३ मे

गाडी उत्तम चालते. एक झटका नाही. माळगुंडीला गेलो, दोघींना परत आणायला.

उपकेंद्राच्या ओट्यावर कमलम्मा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आले का मालक? गाडी लवकर सुरू झाली की."

मी शिवकांताला म्हणालो, चल, आता शब्द पूर्ण झाला. ती गोळ्यांचं पाकीट मोजत होती. म्हणाली, तय्यबभाई इथं तपासायला आला होता बायकोला घेऊन, तो म्हणत होता सील लई दिवसांचं सुकलेलं होतं. आठ-दहा दिवस तरी. "खरं हाय का?"

मी म्हणालो, आंदोलनात काही निर्णय व्यापक हितासाठी...

ती म्हणाली, "आत ती झोपलीय. तिला उठवून सांगा हे."

मी आत गेलो नाही. बाळंतिणीला उठवू नये.

मग मी निघूया म्हणालो. ती म्हणाली, मी इथंच राहणार. आणखी दोघी दिवसांत आहेत. मी विचारलं, कायमची? ती म्हणाली, "लातूर लांब पडतं म्हणून तुमी जिल्हा मागून राहिलात ना? तसं मला उदगीर लांब पडतं. यात भांडायचं काय?" आवाज चढवला नाही. मी आजवर इतक्या सभा केल्या, पण माझा मुद्दा इतक्या थोडक्यात मला मांडता आलेला नाही.

आई हापशाखाली भांडी घासत होती. म्हणाली, "तूच येत जा की. अप-डाऊन कर."

६ मे

विभाजन झालं. तत्त्वतः मी नेहमीच विभाजनाच्या बाजूचा आहे. लहान घटक, सक्षम घटक. मिक्सर, शिवणयंत्र, मोठा पाटा आणि आई माळगुंडीकडे गेली. मूळ घटकाकडे पुस्तकं आणि मी.

काल दिवसभर तिला द्यायचं निवेदन लिहीत बसलो होतो. दार लावून. बाहेर गल्लीत भांड्यांचा आवाज चालला होता, बायका ओरडत होत्या, मला वाटलं रोजचंच भांडण. आज सकाळी रांजणात हात घातला तर तळ. शेजारीण म्हणाली, "काल नळ आलता की, अप्पा. दोन तास होता. तुमी घरात हायत म्हणून हाक मारली न्हाई." आता परत कधी? ती म्हणाली, दहा-बारा दिवसांनी. नक्की दिवस सिस्टरना पाठ असायचा, आम्ही त्यांनाच विचारायचो.

दुष्काळावर मी या तालुक्यात जेवढं बोललोय तेवढं कोणी बोललेलं नाही. एवढी एक गोष्ट मात्र मला विचारायची राहून गेली.

निवेदनात मागण्या सात होत्या. चूळ भरायलाही पाणी नसताना बसून पुन्हा वाचल्या. एकेक खोडत गेलो. शेवटी एक राहिली, तीच पंढरीबरोबर पाठवतोय:

शिवकांता, नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, तेवढं फोन करून सांग.